तीन हात पांढरा

वरचा थर

भिंत अडाण्याने रंगवली होती.

खोलीत शिरल्यावर ताहिराला आधी तेच दिसलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कारण भिंतीच्या पायथ्याशी फरशीवर वाळू पसरलेली होती आणि वाळूखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी इथेच, खैरानच्या समुद्रकाठच्या या शॅलेत, म्हणजे सुट्टीतल्या घरात, ओइन ड्रिस्कॉल मेलेला सापडला होता. एकाहत्तर वर्षांचा आयरिश कवी. कुवेतमधल्या हवल्लीच्या एका खासगी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला. डोकं मागून फुटलेलं, शेजारी रंगाऱ्याची उंच घोडी आडवी पडलेली, आणि समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. गुरुवारपर्यंत त्याच भिंतीवर माणसाहून उंच आकृत्या उभ्या होत्या. निळ्या-जांभळ्या उजेडात, कपाळातून ज्वाळा निघालेल्या. महिनाभर खपून म्हाताऱ्याने त्या तेलरंगात काढल्या होत्या.

घोडी साबीरची. बादली साबीरची. साबीर म्हणजे ताहिराचा धाकटा भाऊ, वय बावन्न, तिच्या हवल्लीतल्या रंगाच्या दुकानातून कामं घेणारा. चित्रासाठी ही भिंत घासून, लांबी भरून त्यानेच तयार केली होती. आणि शॅलेच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, तो बोलून बसला होता, "एवढाले चेहरे काढतोय म्हातारा. चांगलं नाय हे. कुणीतरी पुसायला पायजे." हारिसने ते पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. दुपारी दुकानातूनच साबीरला उचललं.

आज मंगळवार. रविवारी कागद सरकारी वकिलाकडे जाणार होते. तिथे एकदा खून असा शब्द लागला, की साबीर पुन्हा श्रीवर्धनचा किनारा बघेल याची कुणी खात्री देत नव्हतं.

"तुझ्या नवऱ्याने माझी तीन घरं रंगवली," शॅलेचा मालक अबू फहद दारातूनच म्हणाला. तो आत यायला तयार नव्हता. "म्हणून तुलाच बोलावलं. भावाने केलं ते भावापाशी. भिंत बघ आणि मला पूर्वीसारखी करून दे. जासिमने परवानगी दिली आहे."

नकीब, म्हणजे पोलिसांतला कॅप्टन, जासिम हा तपास अधिकारी. अबू फहदचा पुतण्या. खोलीत मिळालेल्या वस्तूंची त्याने केलेली यादी खिडकीत अजून पडली होती. ताहिराने ती वाचली. घोडी, बादली, रोलर, चष्मा, तेलरंगाच्या ट्यूबा, शाईची रिकामी बाटली.

मग ती भिंतीकडे वळली.

रंगारी वरून खाली येतो. छताच्या कडेपासून सुरुवात, एका दमात एक पट्टा. ही भिंत तशी रंगवलेलीच नव्हती. डावीकडे आणि वर जेमतेम एक हात मारलेला, त्यातून आकृत्या चादरीमागे उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. उजवीकडे खाली मात्र दारभर जागा अशी होती, की तिथून काही म्हणता काही दिसत नव्हतं. ताहिराने कडेला नखाने पापुद्रा उचलला. तीन हात. सगळ्यात आतला पिवळसर, वरचे दोन वेगळे.

वेगळे कसे, ते बघायला तिने खिडकीचा पडदा सरकवला. उन्हात त्या पांढऱ्यावर बारीक ओघळ दिसले. नीट न ढवळलेले, निळे.

तिने ओलं बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

नीळ होती. कपड्यांना देतात ती. अख्ख्या कुवेतमध्ये भिंतीच्या रंगात नीळ टाकायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. ते येतं फक्त दिवाळीला, ईदला चुन्याच्या बादलीत नीळ पडताना ज्याने लहानपणी बघितलं आहे त्याच्या डोक्यात. आपल्याकडच्या माणसाच्या.

"काय झालं?" अबू फहदने विचारलं.

"काही नाही," ताहिरा म्हणाली. तिने बोट ओढणीला पुसलं.

साबीर, कोठडीत : दहा मिनिटं (प्रश्न वगळून)

"नाय आपा, मारत-बिरत नायत. गोळी तेवढी वेळेवर नाय मिळत. शुगरची."

"गुरुवारी. असरच्या नमाजाला निघालो तिथून. बादली, घोडी तिथंच ठेवली, म्हातारा म्हणाला राहू दे, अजून लागंल."

"होती ना. जुन्या कामातला उरलेला ऑफ-व्हाइट होता बादलीत. अर्धी असंल."

"नाय, सगळी नव्हती भरली. उजवीकडचा कोपरा कोरा होता. दारभर. तिथं काय काढणार इचारलं, तर हसला. म्हणाला, अजून दिसलं नाय, दिसलं की काढीन. येडा होता आपा, पण चांगला होता. मला चहा द्यायचा सोताच्या हातानं."

"बोललो. होय, बोललो. चेहरे काढू नयेत हे मला वाटतं ते वाटतं. पण दुसऱ्याच्या कामावर रंग फिरवणारा मी कोण? अब्बांनी हेच शिकवलं काय आपल्याला?"

(इथे ताहिराने नीळ विचारली.)

"प्लास्टिक पेंटमध्ये नीळ?"

(साबीर हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. पहारेकऱ्याने वळून बघितलं.)

"आपा, नीळ चुन्याला. प्लास्टिकला नीळ टाकली तर ओघळच दिसणार, फुटतो रंग. तीस वर्षं झाली मला. अशी भिंत मी केली असती तर अब्बांनी कबरीतून उठून कानाखाली वाजवली असती. कुणी केलं हे?"

"मग शोध ना गं. तू शोध. माझा कोण हाय इथं?"

काळा

शॅलेचा भाडेकरू सुयश काळा टी-शर्ट घालून आला. शर्कमधल्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत निसटून, मासळीबाजाराच्या मागच्या बाकावर. चौतिशीचा, पुण्याचा, बोलताना सारखा फोन उलटा-सुलटा करणारा.

"शॅले माझ्या नावावर आहे, म्हणजे भाडेकरार. ग्रुपसाठी घेतला होता. आम्ही चौघं. सर, लुबना, लिमये काका आणि मी. दर शुक्रवारी बसायचो. ध्यान, थोडं वाचन, सर कविता वाचायचे. मी मुळात स्ट्रेससाठी गेलो होतो, खरं सांगतो."

"मालकाला भिंतीचं माहीत होतं?"

"नाही ना! मी सरांना दहादा म्हटलं, कॅनव्हासवर काढा. ते म्हणाले, कॅनव्हास विकतात, भिंत विकत नाहीत." त्याने मान खाली घातली. "हो, मला ती भिंत पुसायचीच होती. करार संपायच्या आधी. तुम्ही हे पोलिसांना सांगणार का?"

"गेल्या शुक्रवारी कुठे होतास?"

"घरी. बैठक नव्हती. सरांनी रद्द केली. म्हणाले, आज मी एकटाच काम करणार. बायको, सासू-सासरे, सगळे होते घरात. विचारा."

ताहिराने पिशवीतून छोटी बाटली काढून बाकावर ठेवली. आत गडद निळं पाणी. दुकानाजवळच्या केरळी किराणावाल्याकडून आणलेलं.

"हे काय आहे?"

सुयशने बाटली उजेडात धरली. "शाई? सरांकडे होती अशी. एकदा पेनात भरली तर पेनच बसलं त्यांचं."

"बरं. आणि तो शॅले तुम्हालाच कसा मिळाला? खैरानला हिवाळ्यात जागा मिळत नाही."

"मिळाला आधीच होता. मागच्या वर्षीपासून आहे." तो जरा थांबला. "मेधाकाकू तिथेच गेल्या. लिमये काकांची बायको. मागच्या जानेवारीत. सकाळी एकट्या पोहायला उतरल्या, आणि... काका आत झोपले होते. आम्हाला वाटलं ग्रुप संपला. पण काकाच म्हणाले, तिथेच बसू, ती आहे तिथे."

हिरवा

लुबनाने ड्रिस्कॉलच्याच शाळेतल्या ग्रंथालयाचं दार आतून लावून घेतलं. तिशीची, हिरव्या स्कार्फमधली. आईबाप दापोलीचे, जन्म कुवेतचा, आणि मराठी घरापुरती.

"आंटी, माझी मराठी बेकार आहे, हसू नका."

"मी कशाला हसू. त्या भिंतीवर तू होतीस?"

लुबनाचा चेहरा उतरला. "डावीकडून सेकंड. बाल सोडलेले, विदाऊट स्कार्फ. मी सरांना म्हटलं, अब्बू बघतील तर मला मारून टाकतील. ते म्हणाले, धिस इज नॉट यू, हा तुझा मोठा आत्मा आहे, त्याला स्कार्फ नसतो." ती हसली आणि लगेच डोळे पुसले. "सो, येस. माझ्याकडे पण रीझन आहे. लिहून घ्या."

"भिंतीवर काढायचं कशासाठी पण?"

लुबनाने तिला सांगितलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डब्लिनमध्ये काही कवी एका घरात जमायचे. आपल्याकडचा वेदान्त वाचायचे, ध्यानाला बसायचे, आणि मिटल्या डोळ्यांना जे दिसेल ते उठून त्याच घराच्या भिंतींवर रंगवायचे. पंखांची माणसं, ज्वाळा, मोठाले आत्मे. जगाला दाखवण्यासाठी नव्हे. जे तिथे बसणार त्यांच्यासाठी. ड्रिस्कॉल स्वतःला त्यांच्याच वंशातला मानायचा.

"आणि तुम्हाला खरं वाटायचं? की त्याला दिसतं?"

"मला पोएट्री वाटायची. सुयशला थेरपी." लुबनाने खांदे उडवले. "लिमये अंकलना मात्र... ही रिअली बिलीव्ह्ड. सर एकदा सहज म्हणाले, तुझ्या खांद्यावर राखाडी रंग दिसतो, तर अंकल आठवडाभर जेवले नाहीत."

ताहिराने बाटली पुढे केली. लुबनाने हुंगली. "क्लीनर? असं काहीतरी शॅलेच्या वॉशरूममध्ये होतं. बैठकीच्या चादरी अंकल तिथेच धुवायचे. सुपर व्हाइट. ही वेअर्स ओन्ली व्हाइट, ना."

"तू शुक्रवारी कुठे होतीस?"

"इथे. एक्झॅम पेपर. कॅमेरे आहेत." मग तिने फोन काढला. "पण आंटी, हे इथे कुणालाच दाखवलं नाही मी. शुक्रवारी सकाळी नऊला सरांनी फोटो पाठवला. वहीचं पान."

पानावर तिरकं, घाईचं अक्षर होतं. एकही ओळ इंग्रजी नव्हती.

"आयरिश आहे. त्यांची बहीण गॉलवेला असते, तिला पाठवलंय. सरांच्या फ्युनरलच्या तयारीत आहे बिचारी. दोन दिवस लागतील."

दोन दिवस म्हणजे शुक्रवार. रविवारच्या आधी एकच दिवस उरत होता.

पांढरा, पुन्हा

मोरेश्वर लिमये स्वतःहूनच दुकानात आले. गुरुवारी सकाळी, दहा वाजता. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, एकसष्ठ वर्षांचा ताठ माणूस. शर्कमधल्या एका बँकेत बावीस वर्षं काढलेला.

"ताहिराताई, तुमच्या भावाचं ऐकून राहवेना," ते म्हणाले. "वकील लागला तर माझ्या ओळखीचा आहे. साबीर रागाच्या भरात काही करून बसला असेल, पण मनाने वाईट नाही तो. मी तसं लिहून द्यायला तयार आहे."

तिने त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला. माणूस खरोखर खचलेला दिसत होता. डोळ्यांखाली काळं.

"तुम्ही त्या दिवशी गेला नव्हतात?"

"नाही हो. ताप होता. घरीच पडून होतो." त्यांनी शेडकार्डांच्या भिंतीकडे बघितलं. "ओइनला दिसायचं, ताई. तुम्हाआम्हाला जे झाकलेलं असतं ते त्याला दिसायचं. असा माणूस कुवेतमध्ये पुन्हा होणे नाही."

"तुमच्या बाईही तिथेच गेल्या ना? सुयश म्हणाला."

"मेधा. हो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी झोपलो होतो."

ताहिराने काउंटरवरच्या रंगांच्या डब्यांत ती निळी बाटली ठेवली होती. लिमयांची नजर फिरत फिरत तिच्यावर आली आणि चेहरा एकदम सैलावला.

"अरे वा! नीळ! हल्ली मला इथे मिळत नव्हती, संपली आहे माझी."

"चुन्यासाठी लागायची आपल्याकडे," ताहिरा चहा ढवळत म्हणाली. "तुमच्या घरी दिवाळीचा चुना कोण लावायचं?"

"मीच की! गुहागरला. वडील बादलीत नीळ सोडायचे आणि मला म्हणायचे, मोरू, ढवळ. पिवळट भिंत, पण नीळ पडली की कशी चांदण्यासारखी..."

ते थांबले. का थांबलो हे त्यांनाही कळलं नसावं. चहा अर्धा ठेवून उठले.

ताहिराने तो अर्धा कप उचलला. नीळ कुणाच्या घरची हे आता कळलं होतं, पण का, ते कळलं नव्हतं. कोरा कोपरा. दारभर. शुक्रवारी म्हाताऱ्याला तिथे काय दिसलं?

आणि ते का, हे कळल्याशिवाय जासिम तिचं एक अक्षर ऐकून घेणार नव्हता. उत्तर त्या तीन हातांखाली होतं.

सगळ्यात खालचा थर

शनिवारी दुपारी अबू फहदने पुतण्याला आणलं. "दहा मिनिटं," जासिम घड्याळ बघत म्हणाला. त्याने सुयश, लुबना आणि लिमये यांनाही बोलावून घेतलं होतं. पाचही जण वाळू टाळून भिंतीपासून लांब उभे राहिले.

ताहिराने बादलीत स्पंज बुडवला. अरबी तिची बाजारातली होती. अडेल तिथे लुबना सांगत गेली.

"ही भिंत बघा. मालकापासून लपवायची असती तर सुयशने सगळी सारखी झाकली असती. कारण त्याला अख्ख्या भिंतीची भीती. लुबनाने झाकली असती तर आधी स्वतःचं तोंड झाकलं असतं. ते बघा, डावीकडून दुसरं. एकच हात, डोळे अजून दिसतायत. साबीरला चेहरे खटकत होते, त्याने सगळे चेहरे झाकले असते. इथे तर वरचे सगळे चेहरे दिसतायत."

"मग?" जासिम म्हणाला.

"माणूस घाबरलेला असला की ज्याला भ्यालाय तिथून सुरुवात करतो. इथून." तिने उजव्या कोपऱ्यावर तळवा ठेवला. "तीन हात. पहिला हात साबीरच्या बादलीतल्या ऑफ-व्हाइटचा. तो पिवळा दिसला, खालचं चित्र डोकावत राहिलं. मग त्याने आठवणीतली गोष्ट केली. बादलीत नीळ ओतली. आमच्या गावाकडे पांढरं आणखी पांढरं करायला चुन्यात घालतात. रंगारी या रंगात कधी घालणार नाही, ओघळ येतात. या दोघा पोरांना नीळ ओळखताच येत नाही, मी दाखवून बघितली. तुमच्या यादीत शाईची रिकामी बाटली आहे, नकीब. ती शाई नाही."

जासिमने पहिल्यांदा घड्याळावरची नजर काढली. "त्या बाटलीवर पांढऱ्या रंगात अंगठ्याचा ठसा आहे," तो सावकाश म्हणाला. "आम्ही मेलेल्याचा समजलो. त्याच्या टेबलावरची शाई म्हणून."

लिमये भिंतीकडे बघत होते. झब्ब्याची बटणं लावल्यासारखी त्यांची बोटं छातीवर फिरत होती.

ताहिराने स्पंज फिरवला. ओल्या तेलरंगावर पाण्याचा रंग धरत नाही, हे कुठल्याही रंगाऱ्याला माहीत असतं. पात्याने कड उचलली आणि तीनही हात दुधावरच्या सायीसारखे एकत्र सुटले, तिच्या हातात लोंबले, खाली वाळूवर पडले.

खाली समुद्र होता. हिरवा-काळा. छातीपर्यंत पाण्यात एक बाई, केस पसरलेले, एक हात वर. सुयश पुटपुटला, "मेधाकाकू." आणि काठावर एक उंच आकृती, पायघोळ पांढऱ्या कपड्यांत, दोन्ही हात खाली सोडून उभी. तिचा चेहरा भरायचा राहिला होता. तिथे नुसतं प्लास्टर.

"असाच," लिमये म्हणाले.

कुणी काही विचारलं नव्हतं.

"असाच उभा होतो मी. हात खाली. झोपलो नव्हतो, ताई. तिने दोनदा हाक मारली. मोरू म्हणाली. मला पोहता येत नाही. गुडघ्यापर्यंत गेलो, आणि मागे आलो. आणि उभा राहिलो. मग आत जाऊन पांघरूण घेतलं. कुणी बघितलं नव्हतं. एका माणसानेही नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवापाणी सांगावं तसा; लुबना ते जासिमला अरबीत सांगत गेली. "शुक्रवारी ओइनचा फोन आला. ये, तुझ्यासाठी काहीतरी दिसलंय मला. आलो तर तो वर घोडीवर, हातात ब्रश. म्हणाला, चेहरा तेवढा राहिलाय. मी म्हटलं, पुसा. तो म्हणाला, नीट बघ, मोरेश्वर, नीट बघ. मी घोडी धरली. हलवली. त्याला सगळं दिसलं होतं हो. इतका पडला तरी त्याचे डोळे भिंतीकडेच होते."

"आणि साबीर?" ताहिराने विचारलं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझ्या दुकानात येऊन चहा प्यायलात तुम्ही."

लिमयांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

लुबना हुंदके देत फोन शोधत होती. "आंटी, काल आलं. बहिणीचं. मला अर्थच लागत नव्हता, आत्ता..." तिने इंग्रजीतलं वाचलं, आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत, लिमयांकडे तोंड करून सांगितलं.

"आज कोपरा भरतो. ती बुडत नाही, ती पोहोचते आहे. पलीकडचा काठ आहे हा. पांढरा जो उभा आहे तो तिचा स्वतःचा मोठा आत्मा, तिला घ्यायला आलेला. त्याला तिचाच चेहरा देणार. मो.ला आज बोलावतो. बिचारा, वर्षभर झोपेची शिक्षा भोगतोय. हे बघून हलका होईल."

लुबनाने फोन खाली घेतला.

"नाही," लिमये म्हणाले. "खोटं. त्याला दिसलं होतं."

"त्याला काहीच माहीत नव्हतं, अंकल."

"दिसलं होतं!" ते ओरडले. आणि मग भिंतीजवळ जाऊन, वाळूवर पाय देऊन, त्या कोऱ्या चेहऱ्यासमोर उभे राहिले. हात खाली सोडून. जासिमने त्यांच्या दंडाला धरलं तेव्हाही ते हलले नाहीत. ओढून न्यावं लागलं.

एक हात

साबीर अकराव्या दिवशी सुटला. सहा किलोंनी उतरलेला, हात थरथरणारा. डॉक्टर म्हणाले, साखर जागेवर आली की थांबेल. साबीर म्हणाला, थांबेल तेव्हा थांबेल.

अबू फहदला भिंत गुरुवारच्या आत पांढरी हवी होती. त्यात ऐकून घेण्यासारखं काही नव्हतं. भिंत त्याची होती आणि तिच्यापुढे एक माणूस मेला होता. वाळू हारिसने झाडून टाकली होती. डाग गेला नव्हता.

म्हाताऱ्याच्या वहीतलं ते पान ताहिराने साबीरला येतानाच सांगितलं होतं. साबीरला रोलर धरवेना. म्हणून तो उलट्या बादलीवर बसला आणि ताहिराने ओढणी कमरेला खोचली.

"खालचं तेल आहे. आधी प्रायमर."

"माहीत आहे रे."

"वरून ये. छतापासून. घाई करू नको. पट्ट्यावर पट्टा चढू दे."

ती वरून आली. ज्वाळा गेल्या, पंख गेले. लुबनाचे मोकळे केस तिने सगळ्यात जास्त काळजीने झाकले, दोन हात, कड न कड. सुयश गेला. लिमये गेले, जांभळ्या उजेडातले, शांत चेहऱ्याचे. म्हाताऱ्याने त्यांना सगळ्यांत सुंदर काढलं होतं.

दुपारी ती उजव्या कोपऱ्यात पोहोचली. एक हात मारून झाला. ओल्या पांढऱ्यातून बाई अजून दिसत होती, वर केलेला हात, आणि काठावरची ती बिनचेहऱ्याची आकृती.

ताहिराने रोलर पुन्हा बादलीत बुडवला.

"आपा," साबीर बसल्या जागेवरून म्हणाला. "तिथं दुसरा नको."

"चित्र दिसेल. मालक बोलेल."

"बोलू दे. कोपऱ्यात कोण बघतंय." त्याने थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. "पोहोचली नाय ती अजून."

ताहिराने रोलर निथळला, कागदात गुंडाळला, आणि बादलीवर झाकण लावलं.